शिट्टी फक्त चढावर वाजते

प्रश्न : मिस्त्रीमामा, नमस्कार. मी केजला शिक्षक आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून 2015 सालची जुनी डिझेल सेदान घेतली. इंजिन 1248 सीसी, 75 अश्वशक्तीचं. मीटरवर 92,000 किलोमीटर. घेताना तिथल्या गल्लीतच चालवून पाहिली, तेव्हा काही जाणवलं नाही. पण बीडहून परत येताना मांजरसुंब्याचा घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये बॉनेटमधून ‘सूंऽऽ’ असा मोठा आवाज येतो. एक्सलेटरवरून पाय काढला की लगेच बंद. पिकअपही कमी वाटतो, आणि मागे काळा धूर दिसतो असं मुलं सांगतात. ऑइल कमी झालेलं नाही, मीटरवर कुठला दिवाही लागत नाही. एका गॅरेजवाल्याने ‘टर्बो गेला, चाळीस हजार तयार ठेवा’ म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, ‘टर्बोची गाडी शिट्टी मारतच असते, मनावर घेऊ नका.’ कोणाचं ऐकू?
— एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : गुरुजी, तूर्त दोघांचंही ऐकू नका. त्या दोघांनी गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस देऊनच आवाज ऐकला असणार. रिकामं फिरणाऱ्या डिझेल इंजिनावर भार नसतो. त्याला थोडंसं डिझेल पुरतं, धुराचा जोर कमी असतो, त्यामुळे त्या धुरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो दाब धरतच नाही. तुमचा आवाज दाबाचा आहे. तो ऐकायचा तर मिस्त्रीला शेजारी बसवून घाटातच न्यावं लागेल. नेकनूरच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून उपयोग नाही.

आता तुमच्या पत्रातलंच नीट वाचू. आवाज चढावर येतो, पाय काढला की जातो. सोबत काळा धूर आहे, पिकअप कमी आहे, पण ऑइल जागेवर आहे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. ऑइल जळायला लागलं असतं तर धूर निळसर दिसला असता. या सगळ्यावरून माझा पहिला संशय टर्बोवर नाही, टर्बोपासून इंजिनापर्यंत दाबाची हवा नेणाऱ्या पाइपांवर आहे.

टर्बोचं काम थोडक्यात सांगतो. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक चाक फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला असलेलं चाक बाहेरची हवा दाबून पुढे ढकलतं. ती हवा रबरी होजमधून इंटरकूलरला जाते, तिथे थंड होऊन इंजिनात शिरते. या वाटेत कुठे क्लॅम्प सैल असेल, होजला चीर गेली असेल, इंटरकूलरचा सांधा सुटला असेल, तर दाबलेली हवा तिथून फुसकन निघते. ठिबकच्या नळीचं असंच असतं. मोटार बंद असताना चीर दिसत नाही, पाणी दाबाने आलं की फवारा उडतो. म्हणून उभ्या गाडीत होज हाताने नुसता चाचपून ‘पाइप चांगला आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. होज वाकवून, त्याची खालची बाजू आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघायला सांगा. चिरा बहुतेक वेळा खालीच असतात, क्लॅम्पच्या कडेला. आपल्याकडे आणखी एक भानगड असते. वाड्यात सोयाबीनची पोती आणि शेजारी गाडी, मग उंदीर होज कुरतडणारच.

गळती शोधायला काळ्या मातीची धूळ फार उपयोगी पडते. टर्बोच्या पुढच्या पाइपांमध्ये ऑइलचा थोडा ओलावा असतो, इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून, तो येतोच, त्याला घाबरू नका. हवा जिथून सुटते तिथे हा ओलावाही बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसून काळं किटण चिकटतं. इंजिन धुण्याआधी ते किटण शोधा. गाडी घेतल्या घेतल्या बॉनेट उघडून पाण्याचा फवारा मारायची आपल्याकडे हौस असते, त्यात हा पुरावाच वाहून जातो. पुण्याच्या विक्रेत्याने इंजिन चकाचक करून दिलं असेल, तर घाटात दोन-चार फेऱ्या होऊ द्या आणि मग बघा. तरीही सापडलं नाही तर टर्बोच्या पुढची वाट दोन्ही टोकांना बंद करून कॉम्प्रेसरने हलकी हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी सोडायचं. अर्धा बार (बार हे दाबाचं माप) पुष्कळ होतो. टायरमध्ये भरतात तशी हवा भरली तर धड असलेला होजही निखळेल.

मिस्त्रीकडे स्कॅनर असेल तर चालत्या गाडीत इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवायला सांगा. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना तो आकडा एक बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच असतो. चढावर एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर तो चांगला वर गेला पाहिजे. रेंगाळत राहिला, तर हवा कुठेतरी सुटतेय किंवा वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, उघडं राहतंय. तुमच्या 75 अश्वशक्तीच्या इंजिनात साधा टर्बो आणि वेस्टगेट असतं. याच इंजिनाच्या 90 अश्वशक्तीच्या रूपात पाती हलणारा टर्बो येतो, त्यात काजळी बसून पाती अडकण्याचा त्रास वेगळा. मिस्त्रीने पाती साफ करायचं बिल लावलं तर सावध व्हा.

आता, टर्बो खरंच गेला असेल तर आवाज कसा येतो? तो ‘सूं’ नसतो. सायरनसारखा चढत जातो किंवा धातूवर धातू घासल्यासारखा किरकिरतो, आणि पाय काढल्यावरही टर्बोच्या चाकाचा वेग उतरेपर्यंत थोडा रेंगाळतो. खात्री करायला इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, हवा आत घेणारा पाइप काढा आणि बोटाने शाफ्ट हलवा. आडवा किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच, कारण शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर फिरतो आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. पुष्कळ जण हाच प्ले गिऱ्हाइकाला दाखवून टर्बो विकतात. बघायचं असतं ते मागे-पुढे ओढताना. त्या दिशेने प्ले हाताला जाणवायला नको. चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा नकोत, पात्यांच्या कडा तुटलेल्या नकोत.

थंड इंजिन सुरू केल्यावर ‘टिक टिक’ येऊन गरम झाल्यावर ती कमी होत असेल तर धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट पाहा, तिथे काजळीचा पट्टा दिसेल. आवाज उभ्या गाडीतही रेसबरोबर वाढत असेल तर अल्टरनेटर आणि बेल्टच्या पुल्या आधी तपासा. चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत आमचे जुने फिटर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावायचे, बिघडलेलं बेअरिंग लगेच बोलायचं. ही युक्ती आजही चालते, फक्त फिरत्या बेल्टपासून शर्टाची बाही आणि गळ्यातला गमचा लांब ठेवा.

होज निघो की टर्बो, एक काम आजच करा. ऑइल आणि फिल्टर बदला, माहितीपुस्तकात दिलेल्याच ग्रेडचं घाला. 92,000 वर आपण विश्वास ठेवायचा, पण आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं ते मीटर सांगत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला की तिथे झालेल्या सर्व्हिसिंगची नोंद बऱ्याचदा मिळते, ती काढून घ्या. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा शाफ्ट बारीक नळीतून येणाऱ्या ऑइलवर जगतो. ऑइल जुनं होऊन गाळ झाला, नळी चोंदली, की टर्बो मरतो. तीच नळी ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही जातो, आणि मग दोष नव्या मालाला. पुढेमागे टर्बो बदलायची वेळ आलीच, तर ‘जुना कशाने गेला?’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑइलची नळी नवी घाला, आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोत ऑइल भरून घ्या.

निळा धूर निघू लागला आणि ऑइल झपाट्याने उतरायला लागलं, तर मात्र गाडी टोचन करूनच न्या. सील फुटून टर्बोतलं ऑइल इंजिनात शिरलं की डिझेल इंजिन त्याच ऑइलवर धावायला लागतं, चावी काढली तरी थांबत नाही. असं झालंच तर वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन कोंडा. बॉनेटकडे जाऊ नका.

प्रश्न : लांबून आल्यावर टर्बोची गाडी लगेच बंद करू नये म्हणतात. खरंच पाच मिनिटं चालू ठेवावी लागते का? — एक वाचक, जिंतूर

उत्तर : ताई, पाच मिनिटं म्हणजे डिझेलची नासाडी. जोरात पळवून थेट ढाब्यावर उभी केली तर अर्धं-एक मिनिट चालू ठेवा, गरम टर्बोतलं ऑइल फिरतं राहतं. गावात शिरून संथ चालवत घरापर्यंत आलात तर तेवढ्यात तो निवलेला असतो. सकाळी थंड इंजिनाला लगेच रेस देऊ नका, हे त्याहून महत्त्वाचं.

प्रश्न : टर्बो कायमचा काढून टाकला तर कटकट जाईल का? — एक वाचक, औसा

उत्तर : पिकअप जाईल, कटकट राहील. टर्बो काही नवं खूळ नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. तुमच्या इंजिनाचं डिझेलचं माप टर्बोची हवा धरूनच ठरवलेलं आहे. हवा कमी झाली की गाडी काळा धूर ओकणार, चढाला दम सोडणार आणि पीयूसीला अडकणार.