पेशींच्या आधी मणी मोजा

विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीकेंद्रकाचा आकार मोजायला शिकताय? मग थेट कर्करोगाच्या पेशींना हात घालू नका. आधी पाण्यात १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे मणी घ्या आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातून, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती आला याच्या आलेखातून, तोच व्यास परत निघतो का ते बघा. मणी जितका मोठा, तितक्या वर्णपटातल्या लाटा (चढउतार) दाट. हे डोळ्यांत बसलं की पेशीकेंद्रकाचं गणित उमगतं: निरोगी केंद्रक साधारण ५ ते १० मायक्रॉनचं, कर्करोगात २० पर्यंतही फुगतं.

नवख्यांचं हमखास चुकतं ते इथे:

- अंधाराचं आणि पांढऱ्या पृष्ठभागाचं मोजमाप राहून जातं. मग दिव्याचाच वर्णपट पेशींचा वाटतो.
- द्रावण दुधाळ राहतं. प्रकाश पुन्हापुन्हा विखुरतो, लाटा पुसल्या जातात. पातळ करा, पण फॉस्फेट बफर सलाईननेच, म्हणजे पेशींना मानवणाऱ्या खारट द्रावणाने. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात.

ध्रुवीकरणाच्या, म्हणजे प्रकाशलहरी कंपनाच्या दिशेनुसार वेगळ्या करण्याच्या, भानगडीत आत्ताच पडू नका. मणी जमले की पेशीही जमतील.