तपासलेल्या रक्तातूनही जंतुसंसर्ग होतो का?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात वडिलांना डेंग्यू झाला होता. कोल्हापुरातील एका रुग्णालयात प्लेटलेट्स चढवायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात त्यांना हुडहुडी भरून ताप आला. पिशवी वाया जाऊ नये, म्हणून आम्ही ती संथ गतीने चालू ठेवण्याची विनंती केली. परंतु सिस्टरांनी ती बंद करून रक्तपेढीकडे परत पाठवली. रक्त तपासलेले असताना असे का व्हावे? आईने नेत्रदानाचे संमतिपत्र भरले आहे. डोळ्यांतूनही जंतू जाऊ शकतात का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सिस्टरांनी केले ते अगदी योग्य होते. हुडहुडी दर वेळी जंतूंमुळेच भरते असे नाही. दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळेही ताप येतो. मात्र खाटेजवळ उभे राहून हा फरक ओळखता येत नाही, म्हणून पिशवी थांबवून तिचे आणि रुग्णाच्या रक्ताचे कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का हे पाहण्याची तपासणी, करावे लागते. अशा वेळी, कितीही जीव तुटला तरी, पिशवी चालू ठेवण्याचा आग्रह नातेवाइकांनी कधीही धरू नये.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. त्वचेवरचे साधे जंतू या चाचण्यांत दिसत नाहीत. सुई टोचताना त्वचेचा सूक्ष्म कण आत जाऊ शकतो, किंवा नुकताच दात काढलेल्या दात्याच्या रक्तात काही काळ जंतू फिरत असतात. रक्तदानाच्या अर्जावरील प्रश्न म्हणूनच मनापासून वाचून खरी उत्तरे द्यावीत. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवतात, तेथे बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, जरी यर्सिनियासारखे काही थंडीतही वाढतात. प्लेटलेट्स मात्र 20 ते 24 अंशांत, सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि साधारण 5 दिवसच टिकतात. ही उबदार जागा जंतूंना मानवते, त्यामुळे सुरुवातीचे मूठभर जंतू काही दिवसांत कोट्यवधी होऊ शकतात. म्हणून दात्याचा दंड नीट निर्जंतुक करणे आणि पहिले थोडे रक्त वेगळ्या छोट्या पिशवीत वळवणे, या दोन गोष्टींना फार महत्त्व आहे. रक्तपेढीतून पिशवी आणण्याचे काम पुष्कळदा घरच्यांवरच येते. त्यांनी प्लेटलेट्स बर्फात ठेवू नयेत, आणि कोणतीही पिशवी गरम पाण्यात धरू नये.

नेत्रपेढीत बुबुळाचा पारदर्शक पडदा प्रतिजैविक असलेल्या द्रावणात ठेवतात, आणि सेप्सिसने, म्हणजे शरीरभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने, मृत्यू झालेल्या व्यक्तीचे डोळे प्रत्यारोपणासाठी वापरत नाहीत. हाडांसारख्या ऊतींवर जंतू मारण्यासाठी गॅमा किरणांचा मारा करता येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या ऊतिपेढीत हे काम होते. मूत्रपिंड किंवा यकृत जिवंतच बसवायचे असल्याने तो मार्ग तेथे बंद असतो. दात्याच्या रक्ताचे आणि लघवीचे कल्चर पाठवतात, पण त्याचा अहवाल अनेकदा शस्त्रक्रियेनंतर हाती येतो. तोवर रुग्णाला प्रतिजैविकांच्या संरक्षणात ठेवतात आणि अहवालानुसार औषध बदलतात.

आईंचे संमतिपत्र निश्चिंतपणे कायम ठेवा. वेळ येईल तेव्हा पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि शक्यतो 6 तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक पोहोचेल, अशा बेताने लगेच फोन करावा.