नवा फुटबॉल प्रशिक्षक आला की त्याने जुने सहाय्यक ठेवावेत का?

एखाद-दुसरा जरूर ठेवावा, सगळा ताफा मात्र नको. ड्रेसिंग रूममध्ये कोण कोणावर रुसलंय, कोणाचा गुडघा कुरकुरतोय, कोणाला ओरडलेलं चालतं हे जुन्या माणसालाच ठाऊक असतं. नव्याचा ते शिकण्यातच अर्धा हंगाम जातो. २०१३ मध्ये प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यावर इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबमध्ये आलेल्या डेव्हिड मोयेस यांनी जुने सहाय्यक माइक फेलन, रेने मेलेन्स्टीन आणि गोलकीपरांचे प्रशिक्षक एरिक स्टील या तिघांनाही जाऊ दिलं आणि एव्हर्टन या आपल्या आधीच्या क्लबमधली माणसं आणली. आदल्या हंगामातला लीग विजेता संघ थेट सातव्या क्रमांकावर घसरला, आणि मोयेस यांची नोकरी एप्रिल २०१४ मध्येच गेली. (सगळा दोष याचाच नव्हे, संघही वयस्क झाला होता.) उलट २००९ मध्ये चेल्सी क्लबचे प्रशिक्षक म्हणून आलेल्या कार्लो अँचेलॉटींनी जुने सहाय्यक रे विल्किन्स यांना ठेवून घेतलं आणि पहिल्याच हंगामात लीग व एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) दोन्ही जिंकले. फक्त एक बघावं: ज्या सहाय्यकाला स्वतःलाच ती खुर्ची हवी होती आणि मिळाली नाही, त्याला सराव सुरू व्हायच्या आधीच निरोप द्यावा.