ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन विमानाने किती अंतर आहे? नकाशावर तर फार लांब दिसतं. वेळ किती लागतो?

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोपासून नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनपर्यंत सरळ रेषेत साधारण 960 किलोमीटर, आणि विमानात बसून सुमारे एक तास चाळीस मिनिटं. म्हणजे मुंबई–दिल्लीपेक्षाही कमी.

लांब वाटतं ते सपाट नकाशामुळे. गोल पृथ्वी कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ट्रॉम्सोजवळ तो जवळजवळ तिप्पट ताणलेला असतो, तर लाँगइयरब्येनजवळ पाचपट. त्यापेक्षा अक्षांश मोजा. ट्रॉम्सो 69.7 अंशांवर, लाँगइयरब्येन 78.2 वर. फरक साडेआठ अंशांचा आणि एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. रेखांशाचा फरक अगदी थोडा आहे, त्यामुळे विमान जवळपास नाकासमोर उत्तरेला जातं.

मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेले होते. ट्रॉम्सोला दुपारी निघताना ऊन होतं, बारीक पण खरंखुरं ऊन. सूर्य दक्षिणेला, म्हणजे आमच्या पाठीशी. जसजसं उत्तरेला जात राहिलो तसतसं पंखावरचं ऊन नारिंगी होत गेलं आणि मग विझलंच. उतरलो तेव्हा सगळीकडे निळा संधिप्रकाश. तिथे ऑक्टोबरअखेरीपासून मध्य फेब्रुवारीपर्यंत सूर्य उगवतच नाही. पृथ्वी गोल आहे हे शाळेत शिकले होते, त्या दिवशी खिडकीतून पाहिलं.

वाटेत खाली बॅरेंट्स समुद्र. साधारण मध्यावर बेअर आयलंड लागतं, पण तिथे विमान उतरण्याजोगी धावपट्टी नाही. म्हणून लाँगइयरब्येनला दाट धुकं आलं तर विमान माघारी फिरू शकतं. पुढच्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा ठेवाच. लाँगइयरब्येनचा विमानतळ 1975 साली सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला की बोटी बंद आणि गाव महिनोन्‌महिने तुटलेलं असायचं. आज नियमित प्रवासी विमानं जातात असा जगातला सर्वांत उत्तरेकडचा विमानतळ तोच. तिथून सुमारे 110 किलोमीटरवर न्यू-ऑलेसुंडला भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, 2008 पासून. त्याचा कारभार आपल्या गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून चालतो. तिकडे छोटं विमान अर्ध्या तासाच्या आत पोचवतं, पण ते मुख्यतः संशोधक आणि कर्मचाऱ्यांसाठी असतं.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वालबार्डला जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ट्रॉम्सोला पासपोर्ट तपासतात आणि तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात अशी नोंद होते. भारतीय पासपोर्टवर एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर परत नॉर्वेत येता येणार नाही, आणि नॉर्वेत न येता मुंबईला यायला सोयीची वाट नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीला हे निघण्याच्या तीन आठवडे आधी कळलं आणि तिचा प्रवास रद्द झाला. अर्ज भरतानाच किमान दोन प्रवेश मागा, व्हिसा हातात आला की त्यावर किती प्रवेश लिहिलेत ते नीट वाचा आणि मगच तिकीट काढा.