नवं ऑइल सील टाकूनही गिअर मोटरच्या शाफ्टमधून तेल का गळतं?

दोनदा सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी रिंग) बदललं, दोन्ही वेळा चांगल्या कंपनीचं घेतलं, तरी महिन्याभरात शाफ्टजवळ तेल दिसतंच, असं तुम्ही लिहिलंय. तिसरं सील आणायच्या आधी कृपा करून शाफ्ट तपासा. अशी वारंवार होणारी गळती मी जितकी पाहिली, तिच्यात सील सदोष निघालं असं क्वचितच झालं.

वीज पूर्ण बंद करून सील काढा आणि त्याची लिप, म्हणजे आतली पातळ रबरी कड, शाफ्टला टेकते त्या पट्ट्यावरून शाफ्टच्या लांबीच्या दिशेने नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. रबराने पोलाद झिजतं हे पटकन पटत नाही, पण लिपमध्ये रुतलेली धूळच ते काम करते. ४० मिमीचा शाफ्ट १४४० आरपीएमला (मिनिटाला १४४० फेरे) फिरतो तेव्हा लिपखालून सेकंदाला सुमारे ३ मीटर पृष्ठभाग सरकत असतो! हाउसिंगमध्ये, म्हणजे सील बसतं त्या खोबणीत, जागा असेल तर नवं सील एक-दोन मिमी पुढेमागे बसवा, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येईल. नाहीतर शाफ्टवर पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह (नळीसारखं आवरण) चढवा. पॉलिश पेपर पुढेमागे सरकवत खाच घासू नका. त्याने मळसूत्रासारखे तिरके ओरखडे पडतात आणि शाफ्ट फिरला की तेच तेल बाहेर ओढतात.

काढलेलं सील फेकू नका, बरंच काही तिथेच कळतं. लिपवर झिजेचा पट्टा सगळीकडे सारखा, अरुंद असेल तर ठीक. एका बाजूला रुंद आणि समोर अरुंद असेल तर शाफ्ट आणि हाउसिंगचं केंद्र जुळत नाही, बहुधा बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. ते बदलल्याशिवाय कोणतंही सील टिकणार नाही. लिप कडक होऊन तडकली असेल तर ती कोरडी चालली किंवा तापली. साधं नायट्रिल रबर साधारण १०० अंशांपर्यंतच चालतं, त्यापुढे व्हिटॉन (जास्त उष्णता सोसणारं रबर) घ्या.

बसवताना सर्वात जास्त सील की-वेवर, म्हणजे शाफ्टमधल्या की (चावी) बसवायच्या खाचेवर, मरतात. त्या धारदार कडेवरून लिप सरकली की बारीक कापली जाते आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. की काढून की-वेवर पातळ टेप गुंडाळा, लिपला गिअरबॉक्समधलंच तेल लावा, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवा. धूळ अडवणारी दुसरी लिप असेल तर दोन लिपांमध्ये थोडं ग्रीस भरा, गच्च नको. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान, सपाट तोंडाचा पाइप किंवा डाय घेऊन ते सरळ दाबा. हातोडीने एकेका बाजूला ठोकलं की ते तिरकं बसतं आणि आतली स्प्रिंगही उडू शकते. निघालेलं सील परत वापरू नका, आणि नवी सील खिळ्याला टांगून ठेवू नका. लिपचा आकार जातो.

एवढं सगळं ठीक असेल तर गिअरबॉक्सचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जाऊ देणारं छोटं झाकण) उघडून पाहा. तो रंगाने किंवा मळाने बुजला असेल तर तेल तापल्यावर आत दाब वाढतो, आणि साधं सील फार दाब झेलण्यासाठी बनवलेलंच नसतं. तेलाची पातळीही बघा, जास्त भरलं तरी हाच त्रास होतो. ब्रीदर काढल्यावर हवा सुटल्याचा आवाज आला, तर दोन्ही सील कशाने गेली ते तुम्हाला कळलंच.