थांबल्यानंतरचं धाडस

प्रिय बाळ,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात तुला आणि घरच्यांना सलाम.

तुझं पत्र मिळालं. रांजणगावहून दुसरी पाळी संपवून येताना नगर रस्त्यावर तो मोटरसायकलवाला पडलेला दिसला. तू गाडी बाजूला लावलीस, १०८ ला फोन केलास आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिलीस. आता आई रागावली आहे. कंपनीतल्या मैत्रिणी म्हणतात, पोलिसांचं लचांड मागे लागेल. तो प्यायलेला होता हे कळल्यावर कुणीतरी म्हणालं, अशांसाठी कशाला जीव धोक्यात घालायचा? चर्चच्या तरुण संघात विचारलं, त्याला प्रभूविषयी काही सांगितलंस का? तुझा स्वतःचा प्रश्न मात्र पार शेवटच्या ओळीत आहे: हात थरथरत होते, म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

तिथूनच सुरू करते. नाही. गेथशेमाने बागेत प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असं लूक त्याच्या शुभवर्तमानात लिहितो. त्यापुढे तुझ्या हातांचं काय एवढं? मिशन हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत माझं आयुष्य गेलं. हात अजिबात न थरथरणारी नवी नर्स आली की आम्हा जुन्यांना उलट तिचीच काळजी वाटायची. थरथरत्या हातानेही जखम दाबून धरता येते.

आता लूकचाच दहावा अध्याय काढ. चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या वाटसरूपाशी थांबलेल्या परक्या जमातीच्या माणसाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो, पण उपदेश बहुतेक वेळा तो थांबला इथेच संपतो. याजक गेला, मंदिराचा सेवक लेवी गेला, शोमरोनी थांबला, आमेन. तू पुढचं वाच. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा तो उताराचा, ओसाड, लुटारूंचा रस्ता. जखमी माणूस पडलाय म्हणजे लुटारू जवळपास असू शकतात, हे त्यालाही कळत होतंच. तरी तो खाली बसून तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवतो आणि सांगतो, जास्त लागलं तर परत येताना देईन. गोष्टीतलं बरंचसं धाडस या थांबल्यानंतरच्या भागात आहे. गाडी थांबवायला एक क्षण पुरतो, पण पुढे बसून राहायला माहिती लागते, पैसे लागतात, वेळ लागतो, आणि लोकांची बोलणी खायची तयारी लागते.

माहितीचं आधी सांगते, कारण अर्धी भीती तिच्या अभावानेच असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकलं तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याखालचे २०२० चे नियम सांगतात की तुझं नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती पोलीसही करू शकत नाहीत आणि हॉस्पिटलही नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ही तुझी मर्जी. हे हक्क हॉस्पिटलच्या दर्शनी भागात लिहून लावायचे असतात. पुढच्या वेळी शोधून बघ, आणि दिसले नाहीत तर विचार, कुठे लावलेत म्हणून. मैत्रिणींनाही हे सांग.

हातांचं काम सोपं आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा ओढणी घडी करून घट्ट दाबायची. थांबलं का ते पाहायला सारखी उचलायची नाही. भिजली तर वरून दुसरी घडी ठेवायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू द्यायचं नाही. गर्दीतला एक तरी माणूस बाटली घेऊन येतोच, त्याला रस्त्यावरची वाहनं बाजूने काढायला लाव. हेल्मेट ओढून काढायचं नाही, मान वळवायची नाही. श्वास चालू आहे ना, याकडे लक्ष ठेवायचं. आणि शोमरोन्यासारखं उचलून जनावरावर मात्र घालू नकोस. आज तो असता तर त्यालाही मी १०८ लाच फोन करायला लावला असता.

रात्रीची वेळ, एकटी मुलगी, ही आईची काळजी खोटी नाही. तिच्याशी वाद घालू नकोस. आधी फोन, १०८ आणि ११२, मग उजेडात गाडी, मग धाब्यावरचे किंवा ट्रकवाले दोघे-तिघे हाताशी, आणि मग जखमीजवळ जा. रस्ता निर्मनुष्य असेल तर थोडं पुढे जाऊन माणसं घेऊन ये. दया करताना डोकं चालवलं म्हणून दया कमी होत नाही.

तो प्यायलेला होता हे आता सोड. गोष्टीतला जखमी कोण, कुठल्या जातीचा, असल्या रस्त्याने एकटा का निघाला होता, यातलं प्रभूने काहीही सांगितलेलं नाही. मला वाटतं मुद्दाम सांगितलेलं नाही. नाहीतर आपण तिथेच त्याचा हिशेब मांडला असता.

तरुण संघाच्या प्रश्नावर मी जरा कडक बोलणार आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसाला प्रभूविषयीची छापील पत्रिका द्यायची नाही, विचारल्याशिवाय त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची नाही. आजकाल लोक संशय घेतात हे खरं, पण माझं कारण ते नाही. जो उठून जाऊ शकत नाही त्याला उपदेश करणं म्हणजे त्याच्या असहायतेचा फायदा घेणं. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, एकच आभार मानायला परत आला, तोही शोमरोनी. उरलेल्या नऊ जणांचा रोग त्याने परत आणला नाही. मनातल्या मनात प्रार्थना कर, वाटेल तितकी कर, तिला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि धाडसाचं उदाहरण हवं असेल तर दौंडजवळचं केडगाव तुझ्यापासून फार लांब नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलीबाळींना, विधवांना घेऊन आल्या. तरुणपणी त्यांनी स्वतः आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गमावली होती. भुकेने माणूस कसा होतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या शेतावर सोय केली, आणि पुढे तिथेच मुक्ती मिशन वाढलं. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात आणि विलगीकरणाच्या छावणीत बायकांचे काय हाल होतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून मांडलं. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं, लिहिणारी ख्रिस्ती बाई. गव्हर्नरला ते आवडलं नाही, प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. नुसत्या मुली आणून सांभाळल्या असत्या तर सगळे कौतुकच करत राहिले असते.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं होतं. त्या आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या नव्हत्या. शोमरोनीही ऐकणाऱ्यांच्या मंडळीचा नव्हता. गोष्ट ऐकताना आपण नेहमी स्वतःला शोमरोनी समजतो, पण पडलेल्या माणसाच्या जागीही आपण असू शकतो, आणि मग उचलणारे हात कुणाचे असतील ते आपण निवडणार नाही. तू ज्याच्याजवळ बसलीस त्यानेही तुला निवडलं नव्हतं.

तुझ्या पाळकांशी मी फोनवर बोलते. उपासनेनंतर तासभर मिळाला तर तरुण संघाला मीच पट्ट्या बांधायला शिकवीन. चादरी, जुन्या ओढण्या घेऊन या म्हणावं, आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पहिल्या रांगेत बसव. हे पत्र आईला दाखव. त्यानंतरही राग गेला नाही तर तिला थेट मलाच फोन करायला सांग, पण दुपारी नको, मी झोपते.

तुझी,
सिस्टर मावशी