नुब्रातला एक मोकळा दिवस पनामिकच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर घालवावा का?

तुम्ही लिहिलंय की लडाखमधल्या नुब्राच्या खोऱ्यात दोन मुक्काम आहेत, मधला दिवस रिकामा आहे, बरोबर आई आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. गाडीवाला म्हणतो पँगाँग करून टाकू, आणि तुमच्या मनात मात्र पनामिकची गरम कुंडं आहेत. अख्खा दिवस त्यासाठी द्यावा का, हा तुमचा प्रश्न.

द्या. आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

मी माझ्या आईला घेऊन ऑगस्टच्या शेवटी गेले होते, तेव्हा तिचं वय सदुसष्ट. आदल्या दिवशी लेहहून खारदुंगला ओलांडून आलो होतो. ती खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तिथून उतरून आलेल्या शरीराला दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच-सहा तास गाडीत घालणं आणि ४,२०० मीटरच्या वर असलेल्या पँगाँगला नेणं मला पटत नाही, निदान गुडघे दुखणाऱ्या आईंच्या बाबतीत तरी नाही. तलाव सुंदर आहे यात वाद नाही, पण दमून पाहिलेला तलाव फोटोतच राहतो.

आम्ही सुमूरमध्ये एका घरी उतरलो होतो. पनामिक तिथून वीस-पंचवीस किलोमीटर, रस्ता नदीकाठाने. एका बाजूला वाळू आणि गोटे, दुसऱ्या बाजूला उघडे डोंगर, आणि मध्येच जर्दाळूची आणि विलोची झाडं असलेलं हिरवंगार गाव. लेहला वर्षभरात साधारण १०० मिलीमीटर पाऊस होतो, कोकणात जुलैत तेवढा एका दिवसात पडतो. त्यामुळे तिथली हिरवळ सगळी डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्याची, पाटांनी आणलेली.

सकाळी लवकर निघा. दुपारनंतर या खोऱ्यात वारा सुटतो आणि धूळ उडते. ओल्या केसांनी त्या वाऱ्यात सापडू नये.

झरा रस्त्याच्या वरच्या अंगाला, उतारावर आहे. दुरूनच डोंगरावर तांबूस-पिवळट ओघळ दिसतो, जवळ गेलं की वाफ आणि गंधकाचा वास. आईने श्वास घेतला आणि म्हणाली, "अगं, वज्रेश्वरी!" तोच वास. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. नुब्राच्या बाजूने काराकोरमची मोठी भूगर्भीय भेग गेली आहे. वितळलेल्या बर्फाचं पाणी जमिनीत खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि त्या भेगेच्या वाटेने वर येतं. उगमाशी हात घालवत नाही इतकं कढत असतं. खाली अंघोळीच्या खोल्या आहेत, बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या. अगदी साध्या आहेत, चकचकीत स्पाची अपेक्षा ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पनामिक ३,००० मीटरच्या वर आहे. तिथे हवा विरळ आणि कोरडी असते, अंगातलं पाणी नकळत कमी होत जातं. गरम पाण्यात बसलं की रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि एकदम उठलं की भोवळ येते. मला आली. "आणखी पाच मिनिटं" करत मी वीसेक मिनिटं बसले, झटकन उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी. भिंतीला धरून खाली बसले, आईनेच पाणी पाजलं. म्हणून सांगते: आधी फक्त पाय सोडा. मग सोसवेल तेवढ्या ऊन पाण्यात दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. बाहेर या, पाणी प्या, अर्धा तास नुसतं बसा, वाटलं तर पुन्हा जा. आईंना एकटीला आत सोडू नका. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि लेहला किमान दोन रात्री काढल्याशिवाय नुब्रात येऊच नका.

पाण्याने गुडघे बरे होतात असं मी म्हणणार नाही. आईला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळं वाटलं, जिना कठड्याला न धरता उतरली. एवढंच मी पाहिलं, आणि मला ते पुष्कळ होतं.

खाण्याचं म्हणाल तर दिवसाची अर्धी मजा तिथेच आहे. जेवून अंघोळ करू नये हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकतो, इथे ते तंतोतंत पाळा. सकाळी थोडंसंच खाऊन निघा. आम्हाला खंबीर मिळाली होती, जाड, खरपूस भाजलेली रोटी, त्यावर घरचा जर्दाळूचा जॅम. सोबत गुरगुर चहा, लोणी आणि मीठ घातलेला. चहा समजून प्यायलात तर पहिला घोट चुकल्यासारखा वाटतो. पातळ सूप समजून प्या, दुसरा पेला मागाल.

खरं जेवण अंघोळीनंतर. परत आलो तेव्हा आमा-लेंनी, म्हणजे घरच्या बाईंनी (तिकडे वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात), स्क्यू करायला घेतलं होतं. मळलेल्या कणकेची लहान गोळी तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबायची, मध्ये खळगा पडतो, आणि ती बटाटा, गाजर, सलगमच्या रश्श्यात सोडायची. आई बघत उभी राहिली आणि म्हणाली, ही तर आपली वरणफळं! मग दोघी शेजारी बसून गोळ्या दाबू लागल्या. एकीला मराठी आणि मोडकी हिंदी, दुसरीला लडाखी आणि मोडकी हिंदी, पण काम सुरळीत चाललं होतं. बरोबर तांगतूर होतं, दह्यात कालवलेली पालेभाजी. गरम पाण्यातून आलेल्या, हलक्या झालेल्या अंगाला ते ऊन ऊन जेवण इतकं लागलं की आम्ही दोघी दोन तास गाढ झोपलो.

उठलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. हुंदरच्या वाळूच्या टेकड्या आणि दोन वशिंडांचे उंट आम्ही आदल्या संध्याकाळी येतानाच पाहून घेतले होते, तुम्हीही तसंच करा. हे उंट मध्य आशियातल्या यारकंद शहराकडे जाणाऱ्या व्यापारी काफिल्यांबरोबर इथे आले, आणि व्यापार थांबल्यावर इथेच राहिले. पनामिकही त्याच वाटेवरचं गाव. डोंगर ओलांडून आलेले ते लोक या पाण्याशी थांबत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. संध्याकाळी आम्ही फक्त गावातून चालत समस्तनलिंग गोम्पापर्यंत, म्हणजे तिथल्या बौद्ध मठापर्यंत गेलो, तेही आईच्या चालीने, वाटेत बसत. झाडाखाली पडलेले जर्दाळू एका आजींनी ओंजळभर दिले, पिकून मऊ झालेले, उन्हाने कोमट.

सुका टॉवेल, कपड्यांचा जोड आणि घसरणार नाहीत अशा चपला न्या. आणि आईंना चांदीची जोडवी, पैंजण काढून ठेवायला सांगा. गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते. आमच्या ध्यानातच आलं नव्हतं, आईची जोडवी दुपारपर्यंत काळपट झाली आणि ती हिरमुसली. आमा-लेंनी चुलीतली चिमूटभर राख घेतली, अंगणातल्या पाटाशी बसून दोन्ही जोडवी घासघासून लख्ख केली आणि स्वतःच्या हाताने आईच्या बोटांत परत घातली.